खाऱ्या पाण्यातून परत आलेलं मशीन: गंज आणि कंट्रोल सांभाळायची रीत

बडोद्याला समुद्र नाही, पण आजूबाजूला पाणी भरपूर आहे आणि ते जागोजागी वेगळं आहे. चांदोदला भाविकांना संगमावर नेणाऱ्या होड्या नर्मदेच्या गोड्या पाण्यात चालतात. तीच नर्मदा भरूचच्या खाली भाडभूतला पोचते तेव्हा भरतीबरोबर खारं पाणी तिच्यात चढतं. कावी-कंबोईला, जिथे स्तंभेश्वर महादेव भरतीला पाण्याखाली जातो, तिथलं पाणी खारं आणि वर गाळानं दाट. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या पुढे जातो. एवढं पाणी रोज दोनदा आत-बाहेर करणार, मग गाळाला खाली बसायला सवड कुठली! आणि शहरातल्या बचावाच्या होड्या आहेतच. वर्षभर शेडमध्ये उभ्या असतात आणि विश्वामित्री नदी चढली की एका रात्रीत बाहेर निघतात.

यातली बरीच आउटबोर्ड मशीनं, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेली इंजिनं, मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) आमच्या वर्कशॉपमध्ये येतात. सासऱ्यांनी शेतीपंपांच्या मोटारी दुरुस्त करायला हे दुकान काढलं. मी एम. एस. युनिव्हर्सिटीतून इलेक्ट्रिकल करून आले आणि होड्यांच्या मशीनकडे वळले. गिऱ्हाईक दारात उभं राहून दोनपैकी एक तक्रार सांगतं. "बेन, काट लागी गयो छे" (गंज लागलाय), नाहीतर "मशीन तो चाले छे, पण गिअर नथी पडतो." पहिल्या तक्रारीचा माणूस निवांत असतो, दुसऱ्याचा घाबरलेला. मला मात्र दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते. कंट्रोल जातं ते बहुतेक वेळा गंजानंच जातं. लिव्हरच्या केबलमध्ये, वायरच्या टोकाशी, स्विचच्या आत, जिथे डोळा पोचत नाही तिथे तो आधी लागतो. बाहेरच्या रंगावर दिसेपर्यंत आत त्याचं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

दुसरं असं की आपल्यासारख्या किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्यांच्या मशीनचं मोठं नुकसान घरी उभं असताना होतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. रविवारी संध्याकाळी होडी ट्रेलरवर चढवली, जंबुसरवरून बडोद्याला आणली, तोवर वाऱ्यानं पाणी उडून जातं आणि मीठ जागच्या जागी बसतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसंच या मिठालाही सुटतं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की साधं मीठ पाणी ओढून घेतं, आणि समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओलं होतं. म्हणजे शेडमध्ये उभं असलेलं मशीन रोज रात्री थोडं थोडं समुद्रात जाऊन येतं. म्हणून पहिलं काम धुण्याचं.

धुणं किनाऱ्यावरच

घरी जाऊन धुऊ, हा विचार सोडा. मीठ ओलं असतं तोवर पाण्यानं सहज निघतं. एकदा वाळून कूलिंगच्या वाटांमध्ये खडा बसला की साध्या पाण्याला दाद देत नाही. लहान मशीन असेल तर तोंड कापलेला प्लास्टिकचा मोठा पिंप गाडीत ठेवा. गोडं पाणी भरायचं, मशीनचा पाय, म्हणजे पाण्यात असणारा खालचा भाग, पाणी ओढायच्या जाळ्यांच्या बराच वरपर्यंत त्यात बुडवायचा आणि न्यूट्रलमध्ये आयडलवर चालवायचं. तेच पाणी फिरून खारं होतं, त्यामुळे मध्ये एकदा पाणी बदलायचं. मोठ्या मशीनला नळी जोडायचं तोंड दिलेलं असतं. त्यातून पाणी सोडताना इंजिन चालू ठेवायचं की बंद, हे कंपनीच्या पुस्तकात बघा, कारण बऱ्याच मशीनांत ते बंदच ठेवायचं असतं. जाळ्यांवर बसणारे रबरी कप वापरणार असाल तर आधी पाणी सोडायचं, मग इंजिन चालू. बंद करताना आधी इंजिन, मग पाणी. पाण्याशिवाय इंजिन काही सेकंद जरी फिरलं तरी आतला रबरी इंपेलर, म्हणजे थंड करायचं पाणी ओढणाऱ्या पंपाचं चाक, जळतो. आणि होडी पुढे ढकलणारा पंखा काढून ठेवा. फिरत्या पंख्याशेजारी नळी धरून उभं राहणं मला बघवत नाही.

किती वेळ? दहा-पंधरा मिनिटं. त्यामागे कारण आहे. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट (उष्णतेनं उघडणारी पाण्याची झडप) बंद असतो, तो साधारण 50 ते 60 अंशांच्या आसपास उघडतो. दोन मिनिटं चालवून "झालं" म्हटलंत तर थर्मोस्टॅटच्या पलीकडे, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पोकळीत, खारं पाणी तसंच राहतं. इंजिन नीट गरम होऊन बाहेर पडणारी पाण्याची धार कोमट झाली, की मग वेळ मोजायला सुरुवात करा.

धुऊन झालं की मशीन सरळ उभं ठेवा, तिरकं नाही. सरळ उभं राहिलं की सगळं पाणी निथळतं. वरचं झाकण काढून आत ओल्या फडक्यानं पुसा, कोरडं करा आणि गंजरोधक स्प्रेचा हलका हात द्या. बेल्ट आणि रबरी नळ्यांवर तो नको. प्रेशर पंपाची धार इंजिनच्या माथ्यावर कधीच मारू नका. गाड्या धुणाऱ्या पोरांच्या हाती मशीन दिलं की ते नेमकं हेच करतात आणि पाणी थेट कनेक्टरांत शिरतं.

झिजायला ठेवलेला तुकडा

मशीनच्या पायावर, पंख्याच्या वर किंवा बाजूला, एक राखाडी धातूचा ठोकळा बोल्टनं बसवलेला असतो. तोच अॅनोड. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले की त्यांच्यात बॅटरी तयार होते, आणि त्यातला जास्त क्रियाशील धातू विरघळतो. तुमच्या मशीनचा पाय अॅल्युमिनियमचा, पंख्याचा शाफ्ट स्टेनलेसचा. काहीच केलं नाही तर पाय खाल्ला जाणार. म्हणून अॅल्युमिनियमच्या पायापेक्षाही आधी विरघळेल असा तुकडा मुद्दाम जोडून ठेवायचा.

ही युक्ती 200 वर्षं जुनी आहे. हम्फ्री डेव्हीनं 1824 मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांना लोखंड आणि झिंकचे तुकडे जोडून बघितले. तांबं गंजायचं थांबलं, पण मग त्याच तांब्यावर शेवाळ आणि कालवं भराभर चिकटू लागली. तांबं थोडं थोडं पाण्यात सुटत होतं म्हणूनच ती दूर राहत होती. संरक्षण करताना धातूचा स्वभाव काय आहे हे बघावं लागतं, ते तेव्हापासून.

एका पार्टीचं मशीन आलं होतं, बघताक्षणी नवंकोरं. काळा चकचकीत रंग, स्टिकरसुद्धा नवे. तक्रार अशी की रंग पुन्हा पुन्हा फुगतोय. मी अॅनोडवर पॉलिश पेपर घासला तर वरून काळी साल निघाली आणि खाली ठोकळ्याच्या कडा कारखान्यातून आल्यासारख्या धारदार, ओतीव अक्षरंसुद्धा वाचता येत होती. पलीकडे गिअरच्या घरावर रंगाखाली पांढरी भुकटी आणि नखाएवढे खड्डे. मशीन देखणं दिसावं म्हणून रंगवणाऱ्यानं अॅनोडवरही हात फिरवला होता. रंग चढलेला अॅनोड हा अॅनोडच नव्हे. पाण्याला तो दिसतच नाही, मग पाणी शेजारचं खातं. चांगला अॅनोड खडबडीत, खड्डे पडलेला, केविलवाणा दिसतो आणि तसाच दिसायला हवा. सीझनभर वापरून जो गुळगुळीत राहिला, त्याची चौकशी करा. निम्मा झिजला की बदला, संपायची वाट बघू नका.

आता कुठल्या धातूचा घ्यायचा, हे बडोद्याच्या माणसाला किनाऱ्यावरच्या माणसापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, कारण आपण पाणी बदलतो. झिंकचा अॅनोड समुद्रात उत्तम. गोड्या पाण्यात मात्र त्याच्यावर कठीण थर बसतो आणि तो झोपी जातो. मग त्याला परत समुद्रात नेलं तरी तो थर खरवडल्याशिवाय नीट काम करत नाही. मॅग्नेशियमचा अॅनोड गोड्या पाण्यासाठी, पण तोच समुद्रात नेला तर बघता बघता संपतो, आणि संपण्याआधी इतका जोर लावतो की अॅल्युमिनियमवरचा रंग सुटून येतो. अॅल्युमिनियमच्या खास मिश्रधातूचा अॅनोड खाऱ्या आणि मचूळ, दोन्ही पाण्यात चालतो आणि गोड्या पाण्यातही झिंकपेक्षा जागा राहतो. एक रविवार महीच्या मुखाशी, दिवाळीत द्वारका, मधे चांदोद, असं ज्यांचं चालतं त्यांनी डोळे मिटून हाच घ्यावा. जी होडी कायम चांदोदलाच असते तिला मॅग्नेशियम. दुकानात नुसतं "झिंक द्या" म्हणू नका, पुडक्यावरचं धातूचं नाव वाचून घ्या.

बसवताना खालची जागा धातू चमकेपर्यंत घासा. मग मल्टिमीटर ओहमवर लावून एक काडी अॅनोडवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर टेकवा. एक ओहमच्या आत यायला हवं. जास्त आलं तर अॅनोड तिथे नुसता लटकलाय, जोडलेला नाही. बऱ्याच फोर-स्ट्रोक मशीनांत इंजिनच्या आतही छोटे अॅनोड असतात, पाण्याच्या वाटेवर, एका बोल्टच्या झाकणामागे. ते कुणालाच आठवत नाहीत. पुस्तकात जागा शोधून वर्षातून एकदा उघडा.

संरक्षण खरंच पोचतंय का, हेही मोजता येतं. सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड मल्टिमीटरला जोडून समुद्राच्या पाण्यात, मशीनच्या पायाजवळ सोडायचा आणि दुसरी काडी मशीनच्या उघड्या धातूवर. अॅल्युमिनियमच्या पायासाठी उणे 950 ते उणे 1100 मिलिव्होल्टच्या दरम्यान आकडा आला की बरोबर. उणे 900 च्याही अलीकडे, म्हणजे शून्याच्या बाजूला आला तर अॅनोड कमी पडताहेत. उणे 1200 च्या पलीकडे गेला तर संरक्षण जास्त झालंय, आणि तेही रंगाला आणि अॅल्युमिनियमला वाईटच. हा इलेक्ट्रोड प्रत्येकानं विकत घ्यायची गरज नाही. धक्क्यावरच्या चार-पाच होड्यांनी मिळून एक घेतला तरी पुरे.

बोल्ट, ग्रीस, रंग

इथे पैसे वाचवायला जाऊन लोक मशीनचा पाय गमावतात. अॅल्युमिनियममध्ये बसणारा प्रत्येक बोल्ट 316 ग्रेडच्या स्टेनलेसचा हवा. त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून मिठापुढे तो 304 पेक्षा जास्त टिकतो. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, "बघा, चिकटत नाही." त्यानं काही सिद्ध होत नाही, 304 पण सहसा चिकटत नाही. बोल्टच्या डोक्यावर ए-4 असा शिक्का बघा. पितळी वायसर अजिबात नको.

प्रत्येक बोल्ट बसवताना आट्यांवर पाण्यानं न धुपणारं मरीन ग्रीस लावा. हे ग्रीस दोन धातूंच्या मधलं पाणी अडवतं, त्यामुळे बोल्ट आतमध्ये पांढऱ्या पुडीत जाम होत नाही. ग्रॅफाइट किंवा तांब्याची पूड असलेलं ग्रीस इथे चालत नाही. दोन्ही अॅल्युमिनियमला खायला घालतात. हाच नियम शेवाळ रोखणाऱ्या रंगाचा: लाकडी होडीच्या बुडाला तांबं घातलेला रंग देतात, तो हात पुढे मशीनच्या पायावर फिरला की संपलं. डेव्हीच्या जहाजावर वाचवायचं होतं ते तांबं. इथे तांब्यापासूनच वाचायचंय.

खालचा पाय

थोडक्यात सांगते, कारण हे बहुतेकांना ठाऊक असतं. गिअर ऑइल वर्षातून एकदा किंवा 100 तासांनी, जे आधी होईल ते. खालच्या स्क्रूमधून रिकामं करायचं आणि खालूनच पंपानं भरत जायचं, वरच्या भोकातून तेल आलं की बंद. वायसर दर वेळी नवे. तेल दुधासारखं निघालं तर आत पाणी शिरलंय. तसंच बंद करून पुढच्या सीझनपर्यंत ठेवलं तर बेअरिंग गंजून मोकळी.

पाणी बहुतेक शाफ्टच्या सीलमधून शिरतं, आणि सील कापतो तो जाळ्याचा नायलॉनचा दोरा. पंखा काढून बघा: दोरा शाफ्टभोवती गुंडाळून, उष्णतेनं वितळून कडक कडं झालेलं असतं. ते ब्लेडनं नाही, हातानं उलगडून काढा, नाहीतर सील तुम्हीच कापाल. मग शाफ्टच्या खाचांना ग्रीस, आणि नवी स्टेनलेस स्प्लिट पिन.

गाळाच्या पाण्यात चालणाऱ्या मशीनचा इंपेलर दरवर्षी बदला. कंबोईच्या पाण्यातून आलेला इंपेलर उघडला की पाती वाकलेली नसतात, घासून तोकडी झालेली असतात. इंपेलर शहाबादी फरशीवर उभा धरून नव्याशेजारी ठेवला की नुसत्या डोळ्यांना फरक दिसतो.

लिव्हर ओढला, गिअर पडला नाही

आता माझ्या आवडीच्या भागाकडे. होडी धक्क्याकडे येतेय, लिव्हर रिव्हर्सला ओढला आणि मशीन पुढेच चाललंय, हे ज्यानं एकदा बघितलं तो केबलला पुन्हा कधी गौण मानत नाही.

लिव्हर जड झाला की पहिला प्रश्न: जड कोण, केबल की मशीन? केबलचं मशीनकडचं टोक सोडवा आणि लिव्हर हलवा. लिव्हर तरीही जड तर दोष केबलमध्ये किंवा कंट्रोल बॉक्समध्ये. सोडवल्यावर लिव्हर हलका झाला तर मशीनकडचा सांधा किंवा गिअरची जोडणी गंजलीय. एवढं न करता लोक केबलच बदलून टाकतात आणि नवी केबलही आठवड्यात जड होते.

केबल आतून कशी बिघडते ते एकदा कापून बघितल्याशिवाय पटत नाही. बाहेरचं प्लास्टिक नीट, मधली धातूची गुंडाळी ठीक, आणि टोकापासून वीतभर आत पोलादी तार तांबड्या पुडीत बुडालेली. पाणी नेहमी मशीनकडच्या टोकातून शिरतं आणि केबलच्या सगळ्यात खालच्या वळणात जाऊन बसतं. गंज फुगला की तारेला सरकायला जागा उरत नाही. म्हणून टोकाचं रबरी बूट फाटलेलं दिसलं तर त्याच दिवशी बदला. केबल वळवताना 20 सेंटिमीटरपेक्षा लहान वळण देऊ नका. आणि कृपा करून केबलच्या आत तेल ओतू नका. आतल्या अस्तराचं वंगण कारखान्यात भरलेलं असतं. वरून ओतलेल्या तेलात गाळ चिकटतो आणि त्याची खळ होते. जड झालेली केबल दुरुस्त होत नाही, बदलावी लागते. गिअर आणि थ्रॉटलच्या केबली एकाच वयाच्या असतात, तेव्हा एक गेली की दुसरीही बदलून घ्या.

स्टिअरिंगच्या केबलचा दांडा मशीनच्या नळीतून आरपार जातो. तो जाम होणं ही आमच्याकडची नेहमीची गोष्ट. तिथल्या निप्पलमधून ग्रीस भरताना दांडा पूर्ण आत घेतलेला असावा. बाहेर काढलेल्या स्थितीत ग्रीस भरलं तर ग्रीस पुढे कोंडतं आणि स्टिअरिंग एका बाजूला अडतं, तेही नेमकं वळताना. जुनं, घट्ट झालेलं ग्रीस आधी पुसून काढा. त्यावर नवं भरत राहणं म्हणजे बूच मोठं करणं.

वायर, स्विच, दोरी

बऱ्याच नव्या मोठ्या मशीनांना केबल नसतेच. लिव्हर फिरवला की सेन्सरचं व्होल्टेज बदलतं, कॉम्प्युटर ते वाचतो आणि मोटर गिअर टाकते. अशा मशीनला व्होल्टेज कमी पडलं की ते गिअर टाकायला नकार देतं किंवा वेग वाढूच देत नाही. मालकाला वाटतं कॉम्प्युटर गेला. खरं तर बॅटरीच्या क्लॅम्पखाली हिरवी-पांढरी पूड साचलेली असते.

ती शोधायची रीत अशी. मीटर डीसी व्होल्टवर. एक काडी बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा, क्लॅम्पवर नव्हे. दुसरी काडी स्टार्टरला जाणाऱ्या जाड वायरच्या पार टोकाला. कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. त्या क्षणी मीटरवर जे व्होल्टेज दिसतं ते वाटेत हरवलेलं व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर वाटेत गंज आहे. मग एकेक टप्पा मोजा: खुंटी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते वायरचं टोक, मग मुख्य स्विचच्या अल्याड-पल्याड. जिथे आकडा उडी मारतो तिथे हात घाला. मायनसच्या बाजूलाही हेच करा. ती बाजू लोक विसरतात आणि निम्मे दोष तिथेच सापडतात. भरलेली 12 व्होल्टची बॅटरी उभी असताना 12.6 च्या आसपास दाखवते. स्टार्टर मारताना ती साडेनऊच्या खाली घसरली तर आधी बॅटरीकडे बघा.

वायर बदलायची वेळ आली तर घरच्या फिटिंगची वायर घालू नका. त्यातलं उघडं तांबं खाऱ्या हवेत काळं पडतं, आणि काळेपणा इन्सुलेशनच्या आत टोकापासून बराच लांब सरकतो. कलई केलेल्या तांब्याची मरीन वायर घ्या. जोड पिळून टेप गुंडाळायचा नाही, टेपखाली ओल कोंडते. योग्य पकडीनं क्रिंप करा आणि आतून गोंद असलेली नळी गरम करून वर आवळा. बॉक्समध्ये शिरण्याआधी प्रत्येक वायरला खालच्या बाजूला एक झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी तिथेच गळून पडेल.

एक धोका या सगळ्यापेक्षा वेगवान आहे. होडीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाची वायर सोललेली असली आणि ती त्या पाण्यात पडली, की बॅटरीचा करंट पाण्यातून वाट काढून मशीनच्या पायातून बाहेर जातो. अॅनोडनं वर्षानुवर्षं जे धरून ठेवलं असतं ते अशा गळतीत काही दिवसांत जातं. तपासणी सोपी आहे: सगळं बंद करा, बॅटरीच्या प्लसची वायर काढा आणि वायर व खुंटी यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावा. घड्याळ-रेडिओसारखं काही नसेल तर शून्य यायला हवं. येत नसेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, गळती त्या वायरवर.

आणि ती लाल दोरी. चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची, तो पाण्यात पडला की क्लिप निघून मशीन बंद. मशीन चालू होत नाही म्हणून आलेले कितीतरी फोन ती क्लिप लावायची राहून गेल्याचे असतात, तो प्रश्न फोनवरच सुटतो. उलटा प्रकार जास्त गंभीर आहे. बहुतेक आउटबोर्डमध्ये क्लिप निघाली की हा स्विच आतून जोडला जातो, इग्निशनचा (ठिणगीचा) करंट मशीनच्या धातूत, म्हणजे अर्थला, जातो आणि मशीन बंद पडतं. म्हणजे आतले संपर्क गंजले तर दोरी ओढूनही मशीन चालूच राहतं. पाण्यात पडलेल्या माणसाभोवती रिकामी होडी गोल फिरत राहते. म्हणून दर फेरीला निघण्याआधी, धक्क्यालाच, मशीन आयडलवर असताना दोरी ओढून बघा. त्याच वेळी लिव्हर गिअरमध्ये ठेवून चावी मारून बघा. मशीन फक्त न्यूट्रलमध्येच चालू व्हायला हवं.

शेडमधल्या बचावाच्या होड्या

माझी सगळ्यात जास्त काळजी यांच्याबद्दल आहे. 31 जुलै 2019 चा पाऊस आणि ऑगस्ट 2024 चा पूर ज्यांनी बडोद्यात काढला त्यांना सांगायला नको की त्या दिवशी मशीन चालू होण्याचा अर्थ काय असतो. गोडं पाणी म्हणून लोक निर्धास्त असतात. पण विश्वामित्रीच्या पुरात चिखल, गटार, प्लास्टिक सगळं असतं. पिशवी जाळीवर बसली की कूलिंग बंद. आणि ही मशीनं बिघडतात ती न वापरल्यानं.

महिन्यातून एकदा पिंपात पाय बुडवून प्रत्येक मशीन गरम होईपर्यंत चालवा, गिअर पुढे-मागे टाका, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. बॅटरी चार्जरवरून काढून एक दिवस ठेवा, मग मोजा. पेट्रोल मात्र साठवून ठेवू नका. आता पंपावर मिळतं त्यात 20 टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी पुरेसं साचलं की ते इथेनॉलसकट तळाला वेगळं बसतं, आणि मशीन सर्वात आधी तेच ओढतं. कार्बोरेटरमध्ये हिरवट-पांढरा गंज दिसतो तो त्याचा. बऱ्याच आउटबोर्डची मर्यादा 10 टक्के इथेनॉलची आहे, तेव्हा पुस्तक बघून घ्या. पाणी वेगळं करणारा 10 मायक्रॉनचा फिल्टर लावा, ठेवताना कार्बोरेटर रिकामा करा आणि पावसाळ्याच्या तोंडाला ताजं पेट्रोल भरा.

मशीन बुडालं तर

होडी उलटली आणि मशीन पाण्यात गेलं, तर ते बाहेर काढून उन्हात वाळवू नका. हवा लागली की आतल्या पोलादावर गंज लगेच सुरू होतो. मेकॅनिक येईपर्यंत वेळ लागणार असेल तर मशीन गोड्या पाण्यात बुडवूनच ठेवलेलं बरं. हाताशी माणूस असेल तर आधी बॅटरी काढा, गोड्या पाण्यानं भरपूर धुवा, स्पार्क प्लग काढा, प्लगची भोकं खाली करून फ्लायव्हील हातानं फिरवत सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढा. मशीन चालू असताना बुडालं असेल आणि फ्लायव्हील अडत असेल तर जोर लावू नका, कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो, मशीन उघडावंच लागेल. मोकळं फिरत असेल तर कार्बोरेटर आणि टाकी रिकामी करा, इंजिन ऑइल बदला, सिलिंडरमध्ये थोडं तेल घालून फिरवा, कनेक्टर उघडून कोरडे करा आणि त्याच दिवशी चालू करून तासभर चालवा. मग ते ऑइल पुन्हा एकदा बदला, आणि काढलेल्या तेलात दुधाळपणा दिसला तर तिसऱ्यांदा.